पिल्लू लुचत नाही तेव्हा आधी ऊब, मग वजन आणि दूध शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुत्री पहिलटकरीण आहे, तीन दिवसांपूर्वी व्याली, सहा पिल्लं झाली. पाच जण गुबगुबीत आहेत, लुचतायत, झोपतायत. सहावं सगळ्यांत लहान. ते बाजूला पडून कुंईकुंई करत राहतं, सडाला लावलं तर दोन-तीनदा चोखतं आणि सोडून देतं, आणि आई त्याला नाकाने बाजूला सारते. घरात कोणीतरी गायीच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्याने त्याला पाजलं. त्यातलं बरंचसं बाहेर आलं आणि आता पोट फुगल्यासारखं दिसतंय. आईला हिरवट-काळा स्राव होतोय आणि ती नीट खात नाही. तर दूध कुठलं द्यावं आणि आईला कॅल्शियम सुरू करावं का?

दुधाचं उत्तर देतो, पण आधी नाही. कारण तुम्ही जे वर्णन केलंय त्यात मला उपाशी पिल्लापेक्षा गार पडलेलं पिल्लू जास्त दिसतंय, आणि गार पिल्लाच्या पोटात दूध घालणं ही नवजात पिल्लांच्या बाबतीत घरोघरी होणारी सगळ्यांत महागडी चूक आहे.

असं का, ते समजून घ्या. नवजात पिल्लाला स्वतःचं तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला थरथरून ऊब निर्माण करताही येत नाही, अंगावर चरबी नसते आणि आकाराच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ फार असतं. मोठ्या कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं मात्र ३५.५ ते ३७ च्या आसपास असतं, आणि तेही आईच्या पोटाशी असताना. ते ३५ च्या खाली घसरलं की आतड्यांची हालचाल मंदावते. दूध पोटात गेलं तरी पुढे सरकत नाही, तिथेच राहतं, आंबतं, वायू धरतो. म्हणून पोट फुगतं. त्याच वेळी चोखण्याची ताकदही जाते, कारण लुचणं ही प्रतिक्षिप्त क्रिया थंडीत विझते. गिळणं नीट होत नाही आणि दूध श्वासनलिकेत उतरतं. म्हणजे फुगलेलं पोट आणि बाहेर येणारं दूध या दोन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतायत.

आई त्याला ढकलते, यात तिचा दुष्टपणा नाही. कुत्रीला गार अंगाचं, न हलणारं पिल्लू आपलं वाटत नाही. बऱ्याचदा तेच पिल्लू ऊब देऊन परत ठेवलं की ती ते चाटायला लागते. ढकलल्यामुळे ते गार पडलं की गार पडल्यामुळे तिने ढकललं, हे सांगणं अवघड असतं. कुठूनही सुरू झालं तरी चक्र एकच: गार, अशक्त, लुचत नाही, रक्तातली साखर उतरते, आणखी गार. हे चक्र ऊब देऊनच तुटतं.

ऊब कशी द्यायची

थर्मामीटर डिजिटल घ्या, काचेचा नको. टोकाला थोडं व्हॅसलीन लावून गुदद्वारात जेमतेम एक सेंटिमीटर. थर्मामीटर नसेल तर पिल्लाच्या तोंडात करंगळी घाला: तोंडाचा आतला भाग बोटाला गार लागला, जीभ ढिली वाटली, तर पिल्लू गार आहे असंच धरून चाला.

सगळ्यांत सोपी आणि सुरक्षित सुरुवात म्हणजे पिल्लू तुमच्या छातीशी, कपड्याच्या आत, कातडीला लागून. वरून मऊ टॉवेल. त्यानंतर एका छोट्या खोक्यात: बाटलीत गरम पाणी भरा, पण उकळतं नाही, मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद लागेल इतपतच. बाटली जाड टॉवेलमध्ये दोनदा गुंडाळा, पिल्लू तिच्याशेजारी ठेवा, तिच्यावर नाही. दर अर्ध्या तासाने पिल्लाची कूस बदला आणि बाटलीला हात लावून बघा. थंड झालेली बाटली उलट पिल्लातली ऊब ओढून घेते, हे विसरायला होतं.

घाई करू नका. एक ते तीन तासांत हळूहळू तापमान वर यायला हवं. पटकन तापवलं, समजा हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्यात बुडवून, तर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडतात, शरीराची प्राणवायूची गरज वाढते, आणि आतलं हृदय-फुप्फुस अजून तयार नसतं. पिल्लू 'गरम झालं आणि गेलं' असं जे होतं ते यामुळे. भाजण्याची भीतीही खरीच आहे. मोठं कुत्रं चटका बसला की उठून जातं, तीन दिवसांचं पिल्लू तिथेच पडून भाजतं.

या तासा-दोन तासांत दूध अजिबात नाही. साखर उतरू नये म्हणून कोमट पाण्यात विरघळवलेल्या ग्लुकोजचा एक थेंब बोटाने हिरडीला चोळा, दर दहा-पंधरा मिनिटांनी. तेवढं पुरे. थेंब आत ओतायचा नाही, हिरडीवर पसरवायचा. पिल्लू गिळत नसेल, अंग एकदम लोळागोळा असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर घरी प्रयोग थांबवा आणि ते उबेत ठेवूनच पशुवैद्याकडे निघा.

तापमान ३५.५ च्या वर आलं, करंगळी तोंडात घातल्यावर पिल्लाने ती पकडून ओढली, की मग दूध.

आई-पिल्लांच्या पेटीची मांडणी, कारण एकदा ऊब देऊन भागत नाही

तुम्ही लिहिलंय की खोलीत पंखा चालू आहे, कारण आई धापा टाकते. इथे दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि त्यावर तोडगा म्हणजे पेटीचा एक कोपरा उबदार ठेवायचा, अख्खी खोली नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या कोपऱ्यात २९ ते ३२ अंश हवेत, दुसऱ्या आठवड्यात २६ ते २९, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. चौथ्या आठवड्यात २१ ते २४ चालतात. आईला मात्र थंडच बरं वाटतं. म्हणून पेटीच्या एका बाजूला ऊब आणि दुसऱ्या बाजूला आईला आडवं होता येईल अशी मोकळी जागा. पंखा दूर, वारा थेट पेटीवर नको, जमिनीलगत वाहणारी झुळूक तर मुळीच नको. तापमान मोजायचं ते पिल्लांच्या उंचीवर, भिंतीवर टांगलेल्या यंत्रावर नाही.

बल्ब लावत असाल तर तो पेटीच्या एका कोपऱ्यावर, इतक्या उंचीवर की खाली हात दोन मिनिटं ठेवला तरी चटका वाटू नये. बल्बमुळे हवा कोरडी होते आणि पिल्लांच्या अंगातलं पाणी उडतं, म्हणून जवळ पाण्याचं पसरट भांडं ठेवा. अर्थात तिथे पिल्लं पोचणार नाहीत याची खात्री करून. गरम करणारी गादी वापरली तर सर्वांत कमी सेटिंगवर, अर्ध्याच पेटीखाली, वर जाड अंथरूण आणि वायर आईच्या दातांपासून लांब.

तापमापकापेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात. एकमेकांवर ढीग करून चिकटून पडली आणि रडतायत, तर गार आहे. पेटीभर लांब लांब पसरली, धापतायत, कातडी लालसर, तर गरम होतंय. शेजारी शेजारी सैल पडून झोपली आणि झोपेत पाय, ओठ, पाठ उडतायत, तर सगळं ठीक. हे झोपेतलं उडणं बघून लोक झटके आले म्हणून घाबरतात. ते चांगलं लक्षण आहे, त्याने स्नायू घडतात. झोपलेलं पिल्लू अजिबात उडत नसेल तेव्हा काळजी करा.

पेटीच्या भिंतींपासून आत आणि जमिनीपासून वर सुमारे आठ-दहा सेंटिमीटर अंतरावर चारी बाजूंनी कठडा हवा, म्हणजे आई भिंतीला टेकून आडवी झाली तरी मागे अडकलेलं पिल्लू चिरडत नाही. ही साधी फळी बऱ्याच पिल्लांचे जीव वाचवते, विशेषतः पहिलटकरणीच्या पेटीत. अंथरूण म्हणून वर्तमानपत्र निसरडं, मोठी सैल गोधडी धोक्याची, कारण पिल्लू घडीत शिरतं आणि आई त्याच घडीवर बसते. खाली पाणी शोषणारा थर आणि वर ताणून बसवलेलं, पाय रोवता येतील असं कापड. ओलं झालं की लगेच बदला.

उबेचं आणखी एक कारण थोडं कमी बोललं जातं. कुत्र्यांमध्ये एक हर्पीस विषाणू असतो. मोठ्या कुत्र्याला तो फारसा त्रास देत नाही. पण हा विषाणू शरीराचं तापमान ३७ च्या खाली असताना जोमाने वाढतो, आणि पहिल्या तीन आठवड्यांतल्या गार पिल्लांमध्ये तो एकामागून एक जीव घेऊ शकतो. म्हणून व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे बाहेरच्या कुत्र्यांशी संबंध नको, आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांनाही दारातूनच नमस्कार.

वजन: डोळ्याला फसवणारी गोष्ट

स्वयंपाकघरातला एक ग्रॅम अचूकतेचा डिजिटल काटा घ्या, त्यावर वाडगं, वाडग्यात मऊ फडकं. पहिला आठवडा दिवसातून दोनदा, त्याच वेळेला, शक्यतो लुचण्याच्या आधी. नंतर तिसऱ्या आठवड्यापर्यंत रोज एकदा. जन्माचं वजन तुमच्याकडे नाही, हरकत नाही, आजचं वजन पहिलं धरा. पिल्लं सारखी दिसत असतील तर वेगवेगळ्या नखांना नेलपॉलिशचा ठिपका लावा. लोकरीचा धागा गळ्यात बांधायची पद्धत आहे, पण पिल्लू आठवडाभरात दुप्पट होतं, धागा नाही. बांधलाच तर रोज सैल करा.

पहिल्या दिवशी थोडं वजन उतरणं समजण्यासारखं असतं, पण जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर ते गंभीर. दुसऱ्या दिवसापासून रोज पाच ते दहा टक्के वाढायला हवं, आणि सात ते दहा दिवसांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट. म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिल्लाने उद्या ३१५ ते ३३० दाखवायला हवेत. समजा तुमचं लहान पिल्लू आज सकाळी २१० आहे, संध्याकाळी २१०, उद्या सकाळी २०८. बघणाऱ्याला हा काहीच फरक वाटत नाही, मी मात्र याला धोक्याची घंटा समजतो. सलग दोन वजनांत वाढ नाही म्हणजे वरून दूध सुरू करायचं. रडणं, पोट गोल दिसणं, 'लुचताना तर दिसतंय' हे सगळं काट्यापुढे गौण आहे. पोट वाऱ्यानेही गोल दिसतं आणि कोरडं सडही चोखता येतं.

जाता जाता: लहान पिल्लू म्हणजे आजारी पिल्लू असं नाही. आकाराने लहान पण ज्याचं वजन रोज नीट वर चढतंय असं पिल्लू सहसा तरतं. मोठं असूनही ज्याचं वजन थांबलंय त्याच्याकडे आधी बघा.

आता दूध

पहिला पर्याय आईचंच. उबेवर आलेल्या पिल्लाला मागच्या पायांजवळच्या सडांना लावा, तिथे दूध जास्त असतं. दोन-तीन जाड भावंडं पंधरा मिनिटं उबदार खोक्यात बाजूला ठेवा, नाहीतर ती याला ढुशा देऊन हटवतात. सड हलकेच दाबून दूध येतंय ना ते बघा, थेंब पिल्लाच्या ओठाला लावा, तोंड उघडलं की सड जिभेवर ठेवा. लुचणारं पिल्लू पुढच्या पंजांनी कास मळतं, शेपटी ताठ होते आणि जीभ सडाभोवती नळीसारखी गुंडाळली जाते. तुम्ही आईजवळ बसून रहा, तिला शांतपणे आडवी ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा असं केलं तरी बऱ्याच वेळा वरचं दूध लागतच नाही.

वरचं द्यावं लागलं तर पिल्लांसाठीचं मिळतं ते भुकटीचं दूध. गायीचं का नको? कुत्रीच्या दुधात स्निग्धांश साधारण आठ-दहा टक्के आणि प्रथिनं सात-आठ टक्के असतात. गायीच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार आणि प्रथिनं तीन-साडेतीन, वर लॅक्टोज जास्त. त्यात पाणी घातलं की पिल्लाचं पोट भरतं पण उपाशी राहतं, आणि जुलाब लागतात. 'पचायला हलकं' म्हणून पाणी घालणं इथे अगदी उलटं पडतं. रात्र काढायची आहे आणि भुकटी मिळत नाही, तर एक कप साय न काढलेलं दूध, तीन अंड्यांचे पिवळे बलक, एक मोठा चमचा खाद्यतेल आणि चिमूटभर मीठ नीट फेटून गाळून घ्या. पांढरा बलक नको. हे तात्पुरतं आहे, एक-दोन दिवसांसाठी.

मात्रा. पहिल्या आठवड्यात वजनाच्या दर १०० ग्रॅमला दिवसाला सुमारे २० मिली, भुकटीच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते माना. पोटाची क्षमता मात्र दर १०० ग्रॅमला एका वेळी चार मिलीच्या आसपास. म्हणजे २१० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात साधारण ४२ मिली, ते आठ वेळांत वाटलं तर एका वेळी पाच मिली. आज ते गारठून उठलंय म्हणून पहिल्या दोन वेळा तीन मिलीच, पोट मऊ राहतंय आणि शी होतेय हे पाहून पाचवर जा. ते आईलाही लुचत असेल तर याच्या निम्म्यावरही भागेल, काटा सांगेल. वेळा दर अडीच-तीन तासांनी, रात्रीही. दूध ३७-३८ अंशांवर, मनगटावर ना गरम ना गार.

पाजायची पद्धत दुधाइतकीच महत्त्वाची. पिल्लू माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही. ते पोटावर, टॉवेलवर, पुढचे पंजे टेकलेले, डोकं किंचित वर, म्हणजे आईखाली असतं तसं. लहान बाटलीवर किंवा सिरिंजवर बसवलेलं मऊ निपल. निपलचं भोक इतकं की बाटली उलटी केल्यावर एकेक थेंब पडावा, धार लागू नये. सिरिंजचा दांडा तुम्ही ढकलायचा नाही. पिल्लाने ओढावं आणि त्याच्या ओढीने तुम्ही सैल सोडावं. नाकातून दूध आलं की लगेच थांबा, डोकं खाली करून तोंड पुसा. दर वेळी नाकातून येत असेल तर तोंड उघडून टाळू बघा: टाळूला चीर असू शकते, आणि ते घरी पाजून सुटत नाही. कापसाचा बोळा बंद करा. त्यातून किती गेलं ते मोजता येत नाही, आणि पिल्लू धागे गिळतं.

लुचण्याची क्रियाच नसेल तर सिरिंजने आत सोडू नका. अशा पिल्लाला नळीने थेट पोटात दूध द्यावं लागतं. ते अवघड नाही, पण पहिल्यांदा पशुवैद्याने तुमच्या हाताला हात धरून दाखवायला हवं. नळी फुप्फुसात गेली तर दुसरी संधी नसते.

पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने शेपटीखाली आणि पोटाच्या खालच्या टोकाला हलके हलके घासा. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते. ज्याला आई ढकलते त्याला कोणी चाटत नाही, आणि भरलेलं मूत्राशय हेही रडण्याचं कारण असतं. शू जवळजवळ पाण्यासारखी हवी. पिवळी गडद दिसली तर पाणी कमी पडतंय. कातडी चिमटीत धरून पाहायची मोठ्या कुत्र्याची युक्ती या वयात चालत नाही. हिरड्या ओल्या आहेत की चिकट, ते बघा.

चिकाबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. पहिल्या दुधातली रोगप्रतिकारक द्रव्यं पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जातात ती पहिल्या काही तासांतच, चोवीस तासांत ते दार बंद होतं. तुमचं पिल्लू पहिल्या दिवशी नीट लुचलं होतं का, हे आठवून पशुवैद्याला सांगा. लुचलं नसेल तर लस घेतलेल्या मोठ्या कुत्र्याच्या रक्तातला द्रव देऊन काही प्रमाणात भरपाई करता येते, तो निर्णय त्यांचा. आता चीक पाजून उपयोग नाही.

आईकडे वळू

तिसऱ्या दिवशीचा हिरवट-काळा, वास नसलेला स्राव मला घाबरवत नाही. वारेतल्या (प्लासेंटामधल्या) रंगद्रव्यामुळे तो हिरवा असतो, पुढे विटकरी-तपकिरी होतो आणि तीन-चार आठवड्यांत आटत जातो. घाण वास, पू, ताजं लाल रक्त वाहणं, किंवा कमी होत गेलेला स्राव पुन्हा वाढणं, हे वेगळं. तिचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. व्याल्यावर पहिले एक-दोन दिवस थोडं वर असतं, पण ३९.५ च्या वर गेलं, सुस्ती आली, पिल्लांकडे लक्ष देईना, तर गर्भाशयाला संसर्ग झालाय असं समजून त्याच दिवशी दाखवा.

भुकेचं म्हणाल तर पहिला दिवस न खाणं चालतं, विशेषतः तिने पिल्लांच्या वारा खाल्ल्या असतील तर. तिसऱ्या दिवशी मात्र खायला हवं. बऱ्याच पहिलटकरणी पिल्लं सोडून ताटलीपर्यंत जातच नाहीत, म्हणून ताटली आणि पाणी पेटीत तिच्या तोंडाशी धरा. तरी नको म्हणाली तर तापमान आणि कास बघा. खाणं पिल्लांच्या वाढीसाठी मिळतं ते, कारण त्यात ऊर्जा आणि कॅल्शियम दोन्ही योग्य प्रमाणात असतात. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या दीडपट, दुसऱ्यात दुप्पट, तिसऱ्या-चौथ्यात अडीच-तीनपट, तीन-चार वेळांत वाटून. सहा पिल्लांच्या आईचं ताट मोजू नका, भरा. पाणी तर सतत.

रोज एकदा प्रत्येक सड आणि त्यामागची कास हाताने चाचपा. एखादा भाग कडक, गरम, लाल-जांभळा, हात लावू न देणारा, किंवा दुधाला रंग आणि गाठी, म्हणजे स्तनदाह. आणि दर आठवड्याला पिल्लांच्या नखांची टोकं कापा. त्यांचे ओरखडे हेच बऱ्याचदा स्तनदाहाचं मूळ.

कॅल्शियम. नाही, स्वतःहून नाही. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं, विशेषतः गाभण असताना, की हाडांतून ते काढून रक्तात आणणारी ग्रंथी सुस्तावते. मग दूध ओतू लागल्यावर अचानक मागणी वाढते तेव्हा तिला पुरवठा जमत नाही. गाभण असताना दिलेलं असेल तर पशुवैद्याला आत्ताच सांगा. रक्तातलं कॅल्शियम कोसळण्याचा धोका सहसा व्याल्यावर दोन ते चार आठवड्यांत, लहान आकाराच्या आणि जास्त पिल्लांच्या कुत्र्यांना जास्त. ओळख अशी: कुत्री अस्वस्थ होते, धापते, चेहरा खाजवते, मग चाल लाकडी होते, पाय ताठ पडतात, स्नायू थरथरतात, अंग तापतं, शेवटी झटके. पहिली लाकडी चाल दिसली की पिल्लं लगेच वेगळी करा आणि दवाखाना गाठा, रात्रीचे कितीही वाजले असोत. शिरेतून कॅल्शियम देताना हृदयावर लक्ष ठेवावं लागतं, घरी गोळी देऊन हे निस्तरत नाही. त्यानंतर किमान एक दिवस पिल्लं वरच्या दुधावर.

तिला ताप किंवा वेदना आहे म्हणून माणसाची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका. आणि कोणतंही औषध लिहून घेताना 'ती पाजते आहे' हे आधी सांगा. आंघोळ आत्ता नको, मागची बाजू आणि सड ओल्या फडक्याने पुसले की पुरे.

पुढचे आठवडे भरभर जातात. डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात. पापणी बंद असताना फुगली किंवा पू दिसला तर उघडायची वाट बघू नका. कान त्यानंतर, चालणं अठरा-एकवीस दिवसांच्या आसपास. जंतांचं औषध दोन आठवड्यांपासून, मग दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत, आईलाही सोबत, कारण गोल जंत गर्भातच आईकडून पिल्लांत येतात आणि 'अजून बाहेरचं खात नाहीत' हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. मात्रा आजच्या वजनावर ठरते, म्हणून काटा ठेवून द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पसरट ताटलीत पातळ कालवलेलं खाणं, सहा ते आठव्या आठवड्यात दूध पूर्ण सुटतं, लशीही याच सुमारास सुरू होतात. आठ आठवड्यांच्या आधी आई-भावंडांपासून तोडू नका.

आज दवाखान्यात जाणार असाल, आणि फुगलेलं पोट बघता मी आजच जाईन, तर एकट्या पिल्लाला हातात घेऊन धावू नका. खोक्यात गुंडाळलेली बाटली, तिच्याशेजारी पिल्लू, वरून हवा खेळेल इतकं झाकलेलं. जमलं तर आई आणि भावंडंही सोबत, कारण तिची कास आणि तापमान बघितल्याशिवाय पिल्लाचं निदान अर्धवटच राहतं. पण तिला इतर कुत्र्यांच्या बाकावर न बसवता गाडीतच थांबवा. सोबत वजनांचा आणि तापमानांचा कागद, काय पाजलं आणि किती वाजता, आणि शेवटची शी कधी झाली हेही लिहून न्या.